120 मिमी रेझिन सैनिकावरचा रंग का सुटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेपोलियनच्या ओल्ड गार्ड या निवडक पलटणीतल्या ग्रेनेडियरची (पायदळ सैनिकाची) प्रतिकृती, रेझिनची म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लास्टिकसारख्या द्रव्याची, 120 मिमी उंच. कोल्हापुरात ऐन जुलैत कॅनमधला प्रायमर मारला तर तो पांढुरका, खरखरीत झाला आणि वरचा रंग नखानं निघतोय. मग कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा?

कंपनी बदलून काही होणार नाही. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर रेझिनवर राहिला की कुठलाच रंग धरत नाही. सुटा होणारा रंग काढून टाका, मग कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन कपड्यांच्या चुण्यांतून घासा. रात्रभर वाळू द्या. पाणी कडकडीत नको, संगीन वाकते. मुळातच वाकडी आली असेल तर मात्र गरम पाण्यात मऊ करून सरळ करायची आणि लगेच गार पाण्यात बुडवायची.

पांढुरकेपणाचं कारण वेगळं. कॅनमधलं द्रावण भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्याकडच्या दमट हवेतलं बाष्प त्यावर बसतं. खरखर येते ती फार लांबून मारल्यामुळे. थेंब वाटेतच वाळतात. पावसाळ्यात कॅन कपाटात ठेवा आणि पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक प्रायमर एअरब्रशनं (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेननं) किंवा रुंद ब्रशनं दोन पातळ हातांत द्या.

पण त्याआधी सांधे बघा. 120 मिमी म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण 1/16. इथली 1 मिमीची फट खऱ्या माणसावर 16 मिमीची होते, आणि ती रंगानं बुजत नाही. दोन भागांची इपॉक्सी पुट्टी भरा, ओल्या बोटानं सपाट करा, वाळल्यावर 400 आणि मग 600 नंबरच्या पेपरनं पाणी लावून घासा. कोरडं घासू नका, रेझिनची धूळ छातीत जाते. सैनिकाचा हात नुसत्या सुपरग्लूवर ठेवलात तर जरा धक्का लागला की निखळणार. 1 मिमी पितळी तारेची खुंटी घाला. बारीक ड्रिल, कानशी, करवतीसाठी कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारात सराफी हत्यारांची चौकशी करा.

रंगात सगळ्यात फसवी जागा म्हणजे डोळा. या मापात तो जेमतेम 2 मिमी रुंद, बुबुळ पाऊण मिमीचं. बुबुळ वरच्या पापणीखाली थोडं दडलेलं हवं. पूर्ण गोल दिसलं की सैनिक दचकल्यासारखा वाटतो. पांढऱ्याच्या जागी फिकट मळकट रंग, वरच्या पापणीला गडद तपकिरी रेघ. छातीवरच्या पांढऱ्या पट्ट्यांचंही तेच: आधी करडट पांढरा, शुद्ध पांढरा फक्त कडांना. अस्वलाच्या कातड्याच्या टोपीला काळ्यात थोडा तपकिरी मिसळा.

चेहऱ्याला तैलरंग उत्तम, पण ॲक्रिलिकच्या बेसवर. ट्यूबमधला रंग अर्धा तास पुठ्ठ्यावर ठेवा, जादा तेल शोषलं जाऊन चकाकी कमी होते. पावसात तो वाळायला आठवडाही लागेल. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, म्हणजे धूळही बसत नाही.

मॅट वार्निश त्यानंतर. टोपीवरचा पितळी पत्रा, बटणं आणि संगीन वार्निशनंतरच रंगवा, नाहीतर धातूची चमक मरते.