वाचता येते, पण समजत नाही: पाचवीच्या मुलांना आकलन कसे शिकवावे?

पाचवीतील आपली मुले उतारा खणखणीत वाचतात, परंतु त्यावरील साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांना स्वतःच्या शब्दांत देता येत नाही, आणि म्हणून रोज आणखी उतारे सोडवून घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. मी ऐरोलीतील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. माझ्या अनुभवाप्रमाणे नुसते उतारे वाढवून फारसा फरक पडत नाही, कारण उताऱ्याखालचे प्रश्न मुलाला समजले की नाही एवढेच तपासतात; समजून कसे घ्यायचे, हे ते शिकवत नाहीत. अमेरिकेतील संशोधक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या ४,४६९ मिनिटांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रत्यक्ष आकलन शिकवण्यात गेलेली मिनिटे जेमतेम २० भरली. आपल्याकडील वर्ग याहून फार वेगळे असतील असे मला वाटत नाही. माझा तरी बरीच वर्षे नव्हता.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगते. ठाणे खाडीवरील उताऱ्यात अशी दोन वाक्ये होती: ‘ओहोटी लागल्यावर उघड्या पडलेल्या चिखलात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पाणी ओसरल्यामुळे शेवाळ आणि बारीक जीव त्यांच्या चोचीच्या आवाक्यात येतात.’ प्रश्न होता, रोहित पक्षी चिखलात का उतरतात? निम्म्याहून अधिक मुलांनी पहिले वाक्य जसेच्या तसे उतरवले, कारण प्रश्नातले ‘रोहित’, ‘चिखल’ आणि ‘उतरतात’ हे तिन्ही शब्द त्यात होते. ‘का’ या शब्दाकडे कोणाचे लक्षच गेले नव्हते. मग मी ओहोटी म्हणजे काय, असे विचारले, तेव्हा वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने कोळीवाड्यात राहणारी एक मुलगी हळूच म्हणाली, “म्हणजे सुकती का, बाई?” आणि मग सुकतीला बाबांची होडी चिखलात कशी रुतते, पक्षी तिथे काय टिपत फिरतात, हे तिने सगळे न अडखळता सांगितले. उत्तर तिच्याजवळ आधीपासून होते, परंतु घरी ठाऊक असलेली गोष्ट आणि पुस्तकातला शब्द एकमेकांना जोडून पाहायचे असतात, हे तिला आम्ही कधी दाखवलेच नव्हते.

म्हणून मी सर्वांत अधिक भर देते तो स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवण्यावर. नवा परिच्छेद मी मुलांसमोर पहिल्यांदाच वाचत असल्यासारखा वाचते आणि मध्येच थांबून म्हणते, “इथे ‘त्यांच्या’ असे लिहिले आहे, म्हणजे कोणाच्या? मागच्या वाक्यात जाऊन पाहते.” किंवा, “हा शब्द मला नीटसा कळला नाही. पुढे पाणी ओसरल्याचे म्हटले आहे, त्यावरून अंदाज करते.” चांगला वाचकही अडतो, मागे जातो, पुन्हा वाचतो, हे मुलांना दिसावेच लागते. आमच्या वर्गात वाचन म्हणजे न थांबता वाचणे अशीच समजूत रुजलेली होती, आणि प्रकट वाचनात मुलाचे सारे लक्ष उच्चारांवर असते. त्यामुळे प्रश्नांकडे वळण्यापूर्वी तोच भाग एकदा मूकवाचनाने वाचून घ्यावा.

हे अंगवळणी पडल्यावर मुलांना चौघांच्या गटांत बसवते. ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राऊन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळात सातवीतील अशाच मुलांसाठी होती, ज्यांना वाचता बरे येत होते पण आकलन कच्चे होते. प्रत्येक परिच्छेदाला एक मूल शिक्षकाची जागा घेते: थोडक्यात आशय सांगते, एक प्रश्न विचारते, अडलेला शब्द वा वाक्य उलगडून घेते आणि पुढे काय येईल याचा अंदाज करते. सुरुवातीला मुले ‘कोण’ आणि ‘कोठे’ एवढेच विचारतात. ‘का’ आणि ‘कशावरून’ यायला माझ्या वर्गात दीड-दोन महिने लागले. आशय सांगताना पुस्तक मिटायला लावावे, नाहीतर पुन्हा ओळीच उचलल्या जातात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. या चार गोष्टींची नावे पाठ करून घेऊ नयेत, आणि जे मूल अजून अक्षरे जुळवत वाचते, त्याला आधी वाचनाचा सराव द्यावा.

उतारे पाठ्यपुस्तकातलेच हवेत असेही नाही. सोसायटीच्या फलकावरील पाणीकपातीची सूचना मी वर्गात आणते. ‘शुक्रवारी सकाळी ९ ते शनिवारी सकाळी ९ पाणीपुरवठा बंद राहील व त्यानंतर काही काळ कमी दाबाने होईल’ एवढ्या एका वाक्यावरून पाणी कधी भरून ठेवायचे, किती वेळ पुरवायचे आणि शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावर काय होईल, हे मुले हिरिरीने सांगतात. यांपैकी एकही उत्तर त्या कागदावर लिहिलेले नसते. पहिले दोन आठवडे आपण अशाच मजकुरावर तोंडी काम करावे आणि लेखी उत्तरे मागूच नयेत, असे मी सुचवेन.