वाचक विचारतात : पोलादी सापळा, कांस्याचे कातडे

प्रश्न : आमच्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार सगळ्यांना ठाऊक आहेत. जॉर्जियाचे झुराब त्सेरेतेली यांनीही टोलेजंग पुतळे उभारले. एवढे कांस्य एकदम ओततात तरी कसे? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : एकदम ओततच नाहीत. त्सेरेतेलींचा मॉस्कोतला पीटर, म्हणजे रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याचा पुतळा (१९९७), ९८ मीटरचा. आत पोलादी सापळा, वर कांस्याचे तुकडे. सुतारांच्या १८२ मीटरच्या सरदार पटेलांनाही वरून कांस्याचेच आवरण आहे, आत काँक्रीटचे गाभे आणि पोलाद.

आधी लहान नमुना घडवतात, मग तो मोजून वाढवतात. चूकही सोबत वाढते. एक मीटरच्या नमुन्यात नाक १ मिमी हलले, तर ९८ मीटरवर ते जवळपास १० सेंमी हलते. वाढवलेल्या आकाराचे तुकडे पाडून प्रत्येकाला क्रमांक देतात, वेगळे ओततात. कांस्य थिजताना शेकडा दीडच्या आसपास आकसते, म्हणून साचा तेवढा मोठा ठेवावा लागतो. हे विसरले की शेजारचे तुकडे जुळत नाहीत.

खरी गडबड जोडावर होते. तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर कांस्य सुमारे ७ मिमी वाढते, साधे पोलाद ५ मिमीच्या आत. आपल्याकडचा मे महिना आठवा! बोल्टचे भोक गोल ठेवले तर तुकडा ताणून तडकतो, म्हणून ते लांबट ठेवतात. शिवाय तांब्याचा धातू आणि लोखंड थेट टेकले नि पाणी शिरले, की लोखंड कुजते. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या आतल्या लोखंडी पट्ट्या याच कारणाने १९८०च्या दशकात बदलाव्या लागल्या.

प्रश्न : त्सेरेतेली मुळात शिल्पकारच होते का? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : नाही. जन्म तिबिलिसीत, १९३४, शिक्षण चित्रकलेचे. आधी मोझेक आणि मीनाकाम, भव्य शिल्पे नंतर. पीटर हा कोलंबसाचाच बदललेला पुतळा अशी कुजबुज होती, त्यांनी ती नाकारली. त्यांचा कोलंबस मात्र अमेरिकेतल्या शहरांनी नाकारल्यावर सुट्या तुकड्यांतच वर्षानुवर्षे पडून राहिला आणि २०१६मध्ये प्वेर्तो रिकोत उभा राहिला. आमच्या मते त्यांचे सर्वांत नेमके काम न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात आहे (१९९०) : संत जॉर्ज भाला मारतो तो दुतोंडी राक्षस खऱ्याच सोव्हिएत आणि अमेरिकन क्षेपणास्त्रांच्या तुकड्यांचा आहे. एप्रिल २०२५मध्ये ते वारले.