थंड पाणी आणि श्वास: सुरुवात करणाऱ्यासाठी

आधी एक गोष्ट पक्की करा: श्वासाचा व्यायाम आणि पाणी एकत्र आणायचं नाही. टबात नाही, तलावात नाही, शॉवरखाली उभं राहूनही नाही. विम हॉफ या डच माणसाची, खोल श्वास आणि थंडी यांची सवय लावणारी एक पद्धत आहे; तीत तीस-चाळीस खोल श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्यामुळे, त्यामुळे नंतर दम बराच वेळ रोखता येतो. हा काही फुप्फुसांचा पराक्रम नव्हे! ऑक्सिजन मात्र संपत असतो, आणि शुद्ध जाते तेव्हा आधी कळतही नाही. म्हणून अंथरुणावर आडवं होऊनच करा. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतील; घाबरू नका, श्वास नेहमीसारखा चालू द्या, जातात.

थंडीचं निराळं. नेहमीच्या अंघोळीच्या शेवटी नळ गारवर फिरवा, आधी पाय, मग हात, पाठ शेवटी. पाठीवर धार आली की तोंडातून 'हाऽ' निघतो, छाती धडधडते. पहिलं मिनीट हेच चालतं. तेवढ्यात फक्त उच्छ्वास लांबवायचा, बाकी काही जिंकायचं नाही. अर्धं मिनीट जमलं तरी पुष्कळ.

बर्फाच्या टबाची घाई मला तरी उगाचची वाटते. उतरलातच कधी, तर सोबत कुणीतरी हवं. बाहेर आल्यावरही शरीर आतून काही वेळ गार होत राहतं, तेव्हा अंग पुसून लगेच कपडे चढवा.

हृदयविकार, रक्तदाब, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको.