सूतिकाज्वर, बाळंतरोग आणि सोयर

प्रश्न असा आहे: १९३०च्या दशकातल्या लंडनच्या प्रसूतिगृहांवर लिहिताना 'प्युअरपरल फीव्हर'ला 'बाळंतरोग' म्हणावं का? आणि 'सोयर', म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, हा शब्द 'सोयरा'वरून आला का?

'बाळंतरोग' नको. बाळंतिणीची सूज, वात, जुलाब, काहीही त्यात खपतं. इथे दुखणं नेमकं आहे. वार सुटल्यावर गर्भाशयात उघडी राहणारी जागा जखमच असते. तिच्यात स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू शिरतो आणि रक्तात पसरतो. हा 'सूतिकाज्वर'. 'प्युअरपरल पायरेक्सिया' याहून व्यापक. इंग्लंडात १९२६पासून तो स्वतंत्रपणे नोंदवत: बाळंतपणानंतर २१ दिवसांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, २४ तास टिकलेला किंवा तेवढ्यात पुन्हा चढलेला. कारण स्तनातलं गळूही असेल. त्याला 'प्रसूतीनंतरचा ताप' म्हणा.

आता सोयर. 'सोयरा'शी त्याचा संबंध जोडणाऱ्या जाणकारांनी 'सुवेर' हे रूप पाहिलेलंच नाही! मातृगृहाचं माहेर झालं, तसं सूतिगृहाचं सुवेर, सोयर. स्वरांमधला 'त' गळला, 'गृह'चं 'घर' होऊन 'एर' उरलं. हिंदीत 'सौरी' आजही बाळंतिणीची खोलीच. म्हणजे सोयर हे आधी विटाळाचं नव्हे, जागेचं नाव, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या 'सू' धातूपासून सूति, सूतिका, प्रसूती आले, त्याचंच सूतक. आज आपण ते मृत्यूचं पाळतो, पण शब्द जन्माचा. सोयरसुतक म्हणताना दोन्हीकडे जन्मच उच्चारतो आपण.

पुन्हा सूतिकाज्वराकडे. खोली वेगळी असून भागत नव्हतं, कारण जंतू येत ते सुइणीच्या नि डॉक्टरांच्या हातांतून, घशातून. म्हणून हात जंतुनाशकात धुवायचे, नाकातोंडावर मुखपट्टी, घसा दुखणाऱ्याला खाटेपाशी मज्जाव. गर्भाशय खरवडण्याचा जुना उपाय उलटायचा: नव्या जखमा, जंतूंना नव्या वाटा. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयाच्या विलगीकरण विभागात डॉक्टर लिओनार्ड कोलब्रुक यांनी प्रॉन्टोसिल हे नवं औषध दिलं. १९३६च्या पहिल्या अहवालात ३८ रुग्णांपैकी ३ दगावल्या. त्याआधीच्या तेवढ्याच रुग्णांत १० दगावल्या होत्या.

प्रॉन्टोसिलला 'प्रतिजैविक' लिहू नका. प्रतिजैविक मुळात सूक्ष्मजीवांपासून मिळतं. ते कारखान्यात बनवलेलं लाल रंगद्रव्य. शरीरात त्यातून सल्फानिलमाइड सुटतं, ते जंतूंची वाढ रोखतं. 'सल्फा औषध' लिहा.