बिल्ला कुठंय?

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून सोलापूर स्टेशनजवळच्या सायकल पार्किंगसाठी ॲप करतोय. जागा आधी बुक करायची, पैसे यूपीआयने, सायकल जीपीएसवर दिसणार. सर विचारतात, 'यात सुरक्षित काय आहे?' काय सांगू?
– एक विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : सरांनी नेमकं विचारलंय. माझे वडील नवी पेठेच्या बाजूला एका थिएटरचं सायकल स्टँड चालवायचे. पितळी बिल्ल्यांची जोडी. एक हँडलला, त्याच नंबरचा दुसरा मालकाकडे. पिक्चर सुटला की झुंबड उडायची, पण वडील दारातून हलायचे नाहीत. ओळखीचा दुकानदार असला तरी तेच, ''बिल्ला दाखव की, मग सायकल.'' एकदा मी दारावर होतो, वय बारा. घाईत नंबर न जुळवता एकाला सोडलं. सायकल गेली ती गेलीच.

म्हणून तू बुकिंगपासून नको, बाहेरच्या दारापासून सुरुवात कर. आत येताना सायकलीचा फोटो घे, फ्रेम नंबर नोंदव. तो बहुतेक वेळा पायडलच्या नळीखाली कोरलेला असतो, सायकल उलटी करून बघ. जाताना रखवालदाराच्या मोबाइलवर तोच फोटो यायला हवा. मालकाच्या फोनवर बिल्ल्याऐवजी क्यूआर कोड देशील, पण त्याचा स्क्रीनशॉट कुणालाही पाठवता येतो, तेव्हा कोड दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा ठेव. तो वेळेवरून फोनमध्येच तयार होतो, रेंज लागत नाही. आणि यंत्रमागावरून रात्रपाळी करून आलेल्याकडे बटणांचा फोन असेल तर? त्याला सरळ बिल्ला दे, नंबर ॲपमध्ये टाक.

नेदरलँड्समध्ये उत्रेख्त स्टेशनला १२,५०० सायकलींचा तळ आहे, २०१९ मध्ये पूर्ण झाला. तिथंही आत जाताना कार्ड लावायचं, निघताना तेच कार्ड. बिल्लाच की तो!

जीपीएस सोड. चोरी झाल्यावर सांगणारं यंत्र, वर त्याला चार्जिंग. त्या पैशात फ्रेम बांधता येईल असे लोखंडी स्टँड होतील. नुसतं चाक अडकवणारे नकोत, चाक तिथंच राहतं आणि बाकीची सायकल जाते.

अजून एक. 'सायकल मालकाच्या जबाबदारीवर' ही ओळ अटींच्या चौदाव्या पानावर लपवू नकोस. सायकल गेली तर किती रुपये, किती दिवसांत, ते पैसे घेण्याआधी दाखव. माझ्या त्या चुकीचे पैसे वडिलांनी चार महिने हप्त्यानं फेडले, आणि त्या मालकाला पावतीसुद्धा मागावी लागली नाही.