टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, फुटबॉलमध्ये गोलकीपिंग करणार असशील तर ग्लोव्हज असे घे

पहिलीच जोडी महागाची घेऊ नकोस. दुकानदार प्रो ग्लोव्हजचा मऊ, चिकट लॅटेक्स (तळव्यावरचा रबरी थर) दाखवून भुलवेल, पण तो खऱ्या गवतासाठी. गंगापूर रोडच्या टर्फवर आठवड्यातून तीनदा खेळलास तर ग्लोव्हजच्या तळव्याची सालं निघतील. माझी पहिली जोडी अशीच महिन्याभरात गेली, अंगठ्याखाली आतलं कापड दिसायला लागलं होतं. त्यापेक्षा जाडसर, टणक लॅटेक्सची घे. ग्रिप थोडी कमी मिळेल, चालतं. मापाला बोटांच्या टोकाशी जेमतेम अर्धा-एक सेंटीमीटर जागा हवी.

खरं तर ग्लोव्हज बॉलपेक्षा उठताना जास्त झिजतात. डाइव्ह मारली की आपण तळवा टेकून उठतो आणि तो टर्फमध्ये भरलेल्या वाळूवर, काळ्या रबरी दाण्यांवर घासला जातो. मूठ वळून उठ. आठवडाभर विचित्र वाटेल, मग अंगवळणी पडतं.

खेळण्याआधी तळव्यावर पाणी मारून जास्तीचं झटकून टाक. एप्रिलमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी की हाफटाइमलाही पुन्हा ओले करावे लागतात. घरी आल्यावर कोमट पाण्यात हाताने चोळून धू, आतले काळे दाणे निघेपर्यंत. वॉशिंग मशीन नको. वाळत घालायचे ते सावलीत; गच्चीवरच्या उन्हात लॅटेक्स कडक होऊन तडकतो. आणि ओले तळवे एकमेकांवर दाबून बॅगेत कोंबू नकोस, चिकटले की सोडवताना लॅटेक्सचे तुकडे निघतात. वासाबद्दल तर आईच बोलेल.