गाडी बघायला जाण्याआधी मापं घे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कमरेखाली ताकद नाही, हात आणि खांदे भक्कम आहेत, जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोजची ये-जा आहे, महिन्याला दहा हजारांपर्यंत हप्ता झेपेल. शोरूमवाल्याने एक गाडी सुचवली, मामांनी दुसरी, मित्रांनी तिसरी. कुठली घेऊ, असं विचारलंस. गाडीचं नाव मी सगळ्यात शेवटी ठरवायला सांगेन. त्याआधी ठरवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

भरवशाची गाडी हा शब्द सगळे वापरतात, पण तुझ्यासाठी त्याचा अर्थ जास्त कडक आहे. दुसऱ्याची गाडी वाटेत बंद पडली तर तो उतरतो, चार माणसं गोळा करून ढकलतो, नाहीतर रिक्षा धरून घरी जातो. तुझी बंद पडली तर ती जिथे थांबेल तिथेच तूही थांबणार. मे महिन्यातली दुपार, मोहोळच्या अलीकडचा रस्ता, पारा बेचाळिसावर आणि एसी बंद, अशी वेळ डोळ्यासमोर ठेव आणि प्रत्येक खर्च तिच्याशी ताडून बघ. सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील यांवरचे पैसे खुशाल वाचव. टायर, बॅटरी आणि गिअरबॉक्स यांवरचे वाचवू नकोस.

पहिलं काम घरीच होतं. मापपट्टी घे आणि तू चाकांच्या खुर्चीत (व्हीलचेअरवर) बसलेला असताना, म्हणजे गादी दबलेली असताना, बैठकीची जमिनीपासूनची उंची मोज. बऱ्याच खुर्च्यांत ती ४८ ते ५२ सेंटिमीटरच्या आसपास येते. शोरूममध्ये चालकाच्या सीटची उंची तशीच मोज, कोणालातरी सीटवर बसवून. फरक पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर रोज चढणं-उतरणं खांद्याला सोसतं. गाडीची सीट बरीच खाली असेल तर आत जाताना छान वाटतं, पण बाहेर येताना स्वतःचं सगळं वजन वर उचलावं लागतं. दिवसातून चार वेळा हे केलं की काही वर्षांत खांदे दुखायला लागतात आणि खांदे गेले तर तुझे पायच गेले. म्हणून वॅगन आरसारखी उभ्या ठेवणीची गाडी तुझ्यासाठी स्विफ्ट किंवा बलेनोपेक्षा सोयीची पडण्याची शक्यता जास्त आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, बसून बघ.

सीटचा आकारही बघ. दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेली सीट दिसायला रुबाबदार असते, पण सरकताना मांडी त्या कडेवर अडते. सपाट सीट उत्तम. दार किती उघडतं, खुर्ची सीटच्या किती जवळ येते, मध्ये किती फट राहते हे मोज. फट मोठी असेल तर सरकफळी, म्हणजे खुर्चीतून सीटवर सरकायची फळी लागेल, साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांबीची. आणि हात कुठे धरणार? चालकाच्या डोक्यावरचं हँडल बऱ्याच गाड्यांत नसतं. शोरूमवाला घाई करेल, करू दे. निदान तीन वेळा आत-बाहेर केल्याशिवाय निघू नकोस. तिसऱ्या वेळी हात थकलेले असतात, तेव्हा खरं कळतं.

आता खुर्चीचं. गाडीइतकाच हा प्रश्न मोठा आहे आणि तो कोणी विचारत नाही. साधी स्टीलची घडीची खुर्ची पंधरा ते वीस किलोची असते. ती सीटवर बसल्या बसल्या एकट्याने आत ओढून घेणं जवळपास अशक्य. मग घरी आई आणि कंपनीच्या गेटवर वॉचमन, दोन्ही टोकांना माणूस लागतो. गाडी आली तरी मोकळीक आली नाही. चाकं बटण दाबून निघतात अशी हलकी, ताठ चौकटीची खुर्ची आठ ते बारा किलोत मिळते. चालकाची सीट मागे झुकवायची, दोन्ही चाकं काढून मागच्या सीटवर टाकायची आणि चौकट अंगावरून शेजारच्या सीटवर घ्यायची. म्हणून तुझ्या बजेटमध्ये खुर्ची धर, मग गाडीचा एक व्हेरिअंट कमी झाला तरी चालेल. मारुतीने वॅगन आरसाठी फिरती सीट आणली आहे, पण फिरते ती चालकाशेजारची सीट. घरात गाडी दुसरं कोणी चालवणार असेल तर तिचा उपयोग. तू स्वतः चालवणार आहेस, त्यामुळे तिच्यात अडकू नकोस.

गिअरबॉक्सवर मात्र सावकाश विचार कर. क्लच पेडल नको हे उघड आहे, पण ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली बाजारात वेगवेगळ्या चिजा विकल्या जातात. स्वस्तातली एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, ज्यात क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. मारुतीत तिला एजीएस म्हणतात. मायलेज चांगलं, किंमत कमी, सोलापुरात दुरुस्ती होते. पण गिअर बदलताना हलका झटका बसतो. पायाने चालवणाऱ्याला तो जाणवत नाही इतका तुला जाणवेल, कारण ॲक्सिलरेटर तुझ्या हातात असणार आणि झटक्याबरोबर हातही हलणार. मधला मारुती ते टिळक चौक अशा खेटाखेटीच्या रस्त्यावर गाडी सारखी सरकत-थांबत राहिली की एएमटीचा क्लच लवकर झिजतो. अशा गर्दीत ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक लावून थांबायचं.

एएमटीची आणखी एक बाजू कोणी सांगत नाही. वॅगन आर, टियागो, आय टेन निऑस यांच्या एएमटीत ‘पी’ म्हणजे पार्किंगची जागाच नसते. गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक नीट ओढावा लागतो. खुर्चीत सरकताना तू गाडीला रेटा देतोस, तेव्हा ती सरकली तर तू दोन्हींच्या मध्ये जमिनीवर. हँडब्रेक पूर्ण ओढता येतो का, हे म्हणूनच सीटवर बसून तपास. होंडा अमेझ किंवा निसान मॅग्नाइटच्या सीव्हीटीत, म्हणजे गिअरचे टप्पेच नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, ‘पी’ असतो आणि गाडी लोण्यासारखी सरकते, हाताला फार सुख. किंमत चढते. तुझ्या आकड्यात नवी सीव्हीटी बसत नसेल तर नवी एएमटी घे, फक्त हिल होल्ड असलेली. तुळजापूरच्या घाटात चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळू नये, इतकं ते काम करतं.

आता हँड कंट्रोल, म्हणजे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायचं किट. दोन्ही पायांत ताकद नसेल तर पेडलना जोडलेला दांडा लागतो. बहुतेक किटमध्ये पुढे ढकललं की ब्रेक, ओढलं किंवा फिरवलं की ॲक्सिलरेटर. दुसऱ्या हाताने स्टीअरिंग, त्यावर गोल मूठ. पेडल जागेवरच राहतात, म्हणजे भाऊ किंवा मेकॅनिक नेहमीसारखी गाडी चालवू शकतो. (तुझ्याबरोबर फिजिओथेरपीला येणाऱ्या, फक्त डावा पाय गेलेल्या मित्राला सांग, त्याला किटची गरजच नाही, साधी ऑटोमॅटिक पुरते. उजवा पाय गेलेल्याला डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर बसवतात.)

किट एआरएआयने, म्हणजे पुण्याच्या वाहन चाचणी संस्थेने मान्य केलेलंच हवं. स्कूटरला बाजूची चाकं लावून देणारे कारागीर आपल्याकडे हुशार आहेत, ते कमी पैशांत दांडाही बनवून देतील. घेऊ नकोस. अचानक ब्रेक मारताना सगळा जोर एका वेल्डिंगवर येतो. शिवाय ते आरटीओत नोंदवता येत नाही आणि अपघातानंतर विमा कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं. बसवणाऱ्याकडून मान्यतेची प्रत, पक्कं बिल आणि बसवल्याचा दाखला तिथल्या तिथे घे.

किट बसलं की गाडी जागची हलवण्याआधी तपासणी कर. इंजिन बंद असताना दांडा पूर्ण जोराने पुढे ढकल: डॅशबोर्डला किंवा गुडघ्याला टेकता कामा नये. ॲक्सिलरेटर ओढून सोड: लगेच मूळ जागी यायला हवा. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव: मूठ मांडीला किंवा दांड्याला लागते का बघ. पायांना आकडी येत असेल, पाय आपोआप झटकत असतील, तर पेडलपुढे आडवी संरक्षक पट्टी बसवून घे, नाहीतर पाय एखाद्या क्षणी ॲक्सिलरेटरवर जाऊन बसेल. चालकाकडची सुटी मॅट काढून टाक, ती सरकून पेडलखाली अडकते. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घे आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला सांगून आवळून घे. न सांगता कोणी बघत नाही, कारण त्यांच्या यादीत ते नसतं.

ब्रेकबद्दल एक गोष्ट लक्षात ठेव. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिन चालू असेपर्यंतच नीट काम करतो. इंजिन बंद पडलं की एक-दोन दाबांपुरती ताकद उरते, पुढे दांडा दगडासारखा होतो. तेव्हा ब्रेक मारून-सोडून बघत बसायचं नाही, एकदाच दाबून धरायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. बूस्टर ठीक आहे का हे बघायला इंजिन बंद ठेवून ब्रेक चार वेळा दाब, मग दाबून धर आणि इंजिन चालू कर. दांडा किंचित पुढे गेला तर बूस्टर चांगला.

कागदांचा क्रम चुकवलास तर महिने जातात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते. आपल्याकडे तपासणी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात होते. मग नमुना १-अ वर डॉक्टरांचा दाखला आणि लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा किमान ३० दिवसांनी देता येते. परीक्षा तुझ्याच गाडीवर द्यावी लागणार, म्हणून लर्निंग हातात आल्यावर गाडी, किट, आरसीवर बदलाची नोंद, सराव आणि मग परीक्षा, असं जा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार ही नोंद लागते आणि २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा गाडीला कायद्यात ‘अनुकूलित वाहन’ म्हणतात.

गाडी तुझ्याच नावावर असू दे, वडिलांच्या नको. नोंदणीच्या नमुना २० मध्ये मालकीच्या प्रकारात २०२० पासून ‘दिव्यांगजन’ हा पर्याय आहे. डीलरचा माणूस सवयीने ‘वैयक्तिक’ भरतो, त्यामुळे सही करण्याआधी तो रकाना स्वतः वाच. ही नोंद असली की टोलमाफीच्या फास्टॅगसाठी अर्ज करता येतो. पुण्याला जाताना सावळेश्वर आणि वरवडे लागतातच. रस्ता कराच्या माफीचं गाडी बुक करण्याआधी आरटीओच्या खिडकीवर विचार, कर भरून झाल्यावर परत मिळवणं कटकटीचं. विम्यात किटची किंमत वेगळी लिहून घे आणि आयएमटी १२ या कलमाची, म्हणजे दिव्यांगांसाठी बदललेल्या गाडीची सवलत माग. आरसीवर नोंद असेल तरच ती मिळते.

जीएसटी सवलतीचं प्रमाणपत्र काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नकोस. पूर्वी दिव्यांगांना लहान गाडीवर १८ टक्के आणि इतरांना २८ टक्के व वर उपकर असा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना सगळ्यांसाठीच १८ टक्के आहे.

पैशांचं गणित: नऊ टक्के व्याजाने दहा हजारांच्या हप्त्यात पाच वर्षांसाठी साधारण ४ लाख ८० हजारांचं कर्ज बसतं. सात वर्षांसाठी ६ लाख २० हजारांचं, पण व्याज सव्वा लाखावरून सव्वादोन लाखांच्या आसपास जातं. पाच वर्षांचंच घे. खुर्ची, किट, पहिला विमा यासाठी लाखभर रुपये आधी वेगळे काढ आणि उरलेल्यात गाडी बसव.

जुनी घ्यायची झाली तर होंडा ब्रिओ किंवा ग्रँड आय टेनची जुनी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक बघ, दोन्ही मऊ चालतात. जुन्या एएमटीत थंड इंजिनावर आणि अर्धा तास गर्दीत चालवून, अशा दोन्ही वेळा बघ. गिअर टाकल्यावर निघायला उशीर, चढावर इंजिन ओरडतंय पण वेग नाही, ही क्लच संपल्याची लक्षणं. टायर कधी बनला हे सांगणारे चार आकडे त्यावर असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. पाच वर्षांहून जुने असतील तर टायरचे पैसे किमतीतून कापून घे.

सीएनजीचा मोह होईल. डिकीतला मोठा सिलिंडर खुर्चीची जागा खातो. तळाशी दोन लहान सिलिंडर असलेली गाडी असेल तरच, आणि तीही खुर्ची घालून बघून. इलेक्ट्रिक गाडी हँड कंट्रोलला फार छान, झटका नाही, गिअर नाही. पण तुझ्या घरी स्वतःची पार्किंग आणि चांगल्या अर्थिंगचा १५ अँपिअरचा सॉकेट आहे का, आणि चार्जरची वायर खुर्चीतून हाताळता येते का, यावर सगळं अवलंबून आहे.

उन्हाबद्दल नीट वाच. पायांना संवेदना नसेल तर तापलेली सीट, बेल्टचं बक्कल, दांड्याचा लोखंडी भाग यांनी भाजलेलं तुला कळणार नाही, संध्याकाळी फोड दिसेल. बसण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने सीट चाचपून बघ. सीट थंड राहावी म्हणून आपण टॉवेल किंवा चादर टाकतो, पण तिच्या सुरकुत्यांवर तासभर बसलं की कातडीला जखम होते, म्हणून बसण्याआधी ती काढून टाक. एसीचा झोत थेट पायांवर नको. दर वीस-तीस मिनिटांनी थांबून हातांवर अंग उचल. मणक्याची इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर शरीराला घाम येऊन थंड होता येत नाही, तेव्हा एसी ही गरज आहे. एसी कमजोर असलेली जुनी गाडी कितीही स्वस्त असो, नको.

गाडीत कायम ठेवायचं: हातपंपाऐवजी १२ व्होल्टचा हवेचा पंप, पंक्चर भरायचं द्रावण, बॅटरी उतरली तर गाडी चालू करून देणारा स्टार्टर, दोन लिटर पाणी, फोनचा चार्जर. आपल्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांत दमते, तिसऱ्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी तपासून घे: बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३. पहिल्याच कॉलला सांग की मला उतरता येत नाही.

आता मापं घे. खुर्चीची बैठकीची उंची, घडी केल्यावरची रुंदी, चाकं निघतात का, आणि घरासमोर गाडी उभी केल्यावर दाराच्या बाजूला किती जागा उरते, एवढं लिहून पाठव. मग दोन-तीन गाड्यांची नावं देतो.

तुझा,
गाडीवाला काका